राणी बाकाबाई भोसले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या काळ्या मारबतीचा संबंध लोक राणी बाकाबाईंशी जोडतात. इंग्रजांना साथ दिल्याचा ठपका त्यामागे आहे.

बाकाबाई या दुसऱ्या रघूजी भोसले यांच्या पत्नी. १८१६ मध्ये रघूजी निवर्तले. सावत्र पुत्र परसोजी दुर्बळ होते. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला व अप्पासाहेब गादीवर आले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि १८१८ मध्ये ते पदच्युत झाले. तेव्हा रघूजींच्या कन्येचा पुत्र बाजीबा यास परसोजींच्या विधवा पत्नी दुर्गाबाई यांनी दत्तक घेतले. तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसलेल्या या बालकाच्या पालक बाकाबाई होत्या. राज्यकारभार मात्र रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती होता.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात गेले. एवढे होऊनही १८५७ च्या उठावात बाकाबाईंनी इंग्रजांचीच बाजू धरली. १८५८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे दत्तकपुत्र जानोजींना 'राजाबहादूर देऊर' हा किताब मिळाला. राज्य परत आले नाही, परंतु घराणे टिकले. बाकाबाईंचा निवाडा करताना ही बाजूही ध्यानात घ्यावी लागते.