न्या. बद्रुद्दीन तय्यबजी : वाचणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा धर्म



उन्हाळ्यात आपल्या अहेरी भागात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. दिवसभर तोडलेल्या पानांची पुडकी फळीवर मोजली जातात आणि वहीत आकडा मांडला जातो. त्या वहीतला आकडा खरा आहे का, हे कोण बघतं? घरात वाचता येणारं पोरगं असेल तर ते बघतं. नसेल तर लिहिणाऱ्याच्या इमानावर सगळं सोडावं लागतं. वाचणं-लिहिणं हा फक्त परीक्षेचा विषय नाही, तो न्यायाचा विषय आहे. आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्याचं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरलं.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा, वडील तय्यबअली व्यापारी. मुलगा आधी मदरशात उर्दू-फारसी शिकला, मग एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी. त्या काळात अनेक मुस्लिम घरांत इंग्रजी शिक्षण म्हणजे धर्म बुडाला, अशी भीती होती. तय्यबअलींनी मात्र आपल्या मुलांना शिकायला थेट युरोपला पाठवलं. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर झाले.

बद्रुद्दीन 1860 मध्ये परदेशी गेले तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. तिथे त्यांच्या डोळ्यांनीच दगा दिला. दृष्टी इतकी बिघडली की 1864 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावं लागलं. विचार करा, ज्याला पुस्तकांवर जगायचं आहे त्याचे डोळेच साथ देत नाहीत! पण वर्षभरात ते पुन्हा लंडनला गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर.

इथे जरा थांबून इस्लाममधला वाचन-लेखनाचा विचार पाहू, म्हणजे पुढचं नीट कळेल. मुस्लिम परंपरेनुसार पैगंबरांना मिळालेल्या पहिल्या संदेशाची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने होते आणि लगेच लेखणीचा उल्लेख येतो. कुराणातल्या एका अध्यायाचं नाव ‘कलम’ म्हणजे लेखणी असं आहे. आणि कुराणातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, माहीत आहे? देण्याघेण्याच्या व्यवहाराची नोंद कशी करावी, याबद्दल! लिहिणाऱ्याने पक्षपात न करता लिहावं, ज्याला लिहिता येतं त्याने लिहून द्यायला नकार देऊ नये, ज्याच्यावर देणं आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. बघा, हे आपल्या फळीवरच्या वहीलाही लागू पडतं की नाही?

पण आदर्श एक आणि व्यवहार दुसरा, असं सगळ्याच समाजांत होतं. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच खानदानी मुस्लिम घरांत मुलींना कुराण वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवत नसत. मुलगी लिहायला लागली तर कुणाला पत्र लिहील, ही धास्ती! हिंदू घरांतही फार वेगळं नव्हतं. म्हणजे डोळे उघडायचे, पण हात बांधून ठेवायचे.

तय्यबजींच्या घराण्यात हा हात मोकळा होता. या कुटुंबाच्या घरांतून ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवलेल्या असत. घरातलं कुणीही त्यात लिहावं आणि सर्वांनी वाचावं. सहल, आजारपण, पाहुणे, मतभेद, सगळं. त्यात बायका लिहीत, मुलंही लिहीत. सगळे वाचणार म्हटल्यावर खोटं किंवा कुचकं लिहिताना हात आपोआप अडखळणारच. बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना शाळेत घातलं आणि 1904 मध्ये दोघींना इंग्लंडला शिकायला पाठवलं.

घरापुरतं करून ते थांबले नाहीत. 1874 मध्ये मुंबईत ‘अंजुमन-ए-इस्लाम’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन दोघे होते. मुंबईच्या सीएसएमटी स्थानकासमोर आजही तिची देखणी इमारत दिसते. आपल्या समाजाची मुलं मागे राहू नयेत, ही त्यांची तळमळ होती. पण आपला समाज म्हणजे देशापासून वेगळं बेट, असं त्यांनी मानलं नाही. 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं असं सर सय्यद अहमद खान यांच्यासारखे मोठे लोक सांगत होते, तेव्हाची ही गोष्ट.

1895 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1897 मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. अर्ज पुन्हा न्या. तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांची सगळीच मतं त्यांना पटत होती असं नाही. पण लेखणीमुळे आरोपी झालेल्या माणसालाही बचावाची पुरती संधी मिळाली पाहिजे, एवढं त्या निर्णयाने साधलं. पुढे शिक्षा झाली, ती वेगळ्या न्यायाधीशापुढे. 1906 मध्ये लंडनमध्ये तय्यबजींचं निधन झालं.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. आपल्याकडे कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी बंगाली किंवा उर्दू. शाळेत मराठी. एक साधा उपक्रम करून बघा. वर्गात एक ‘अखबार वही’ ठेवा. रोज एकाने लिहायचं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, देवनागरीत. नियम दोनच : खरं लिहायचं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते वाचता आलं पाहिजे.

आणि पालकहो, मुलगी घरी हिशोबाची वही मागेल तेव्हा द्या. तिला आकडे वाचू द्या, चुकलेला आकडा दाखवू द्या. त्या दिवशी ती खरी शिकलेली असेल.