सेनापतींचा झाडू

पाहुणे आले की आपण त्यांना मुळशी धरण दाखवायला नेतो. त्या पाण्याखाली गावं आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेव्हा घर खायला उठायचं. रविवारच्या सफाईला चारच जण यायचे, म्हणून तीही मी सोडून दिली होती. त्याच दिवसांत सेनापती बापटांचं चरित्र हाती आलं.

पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, गाव पारनेर. इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले आणि बॉम्बची विद्या घेऊन परतले. पुढे साथीदार पकडले गेले, यांना लपत फिरावं लागलं. सगळाच डाव फसलेला. अशा वेळी हा विलायतेत शिकलेला माणूस पारनेरला आला आणि त्याने झाडू उचलला. पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचे! लोक हसले असतीलच. आपल्याकडे अजूनही काही गॅलऱ्यांतून हसतात.

१९२१ साली टाटा कंपनीच्या धरणात मुळशी खोऱ्यातली भातशेती बुडणार म्हणून सत्याग्रह झाला. बापट त्याचे पुढारी, ‘सेनापती’ ते इथेच झाले. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. धरण मात्र झालंच. हरले म्हणायचं तर हरले. पण घरी बसले नाहीत. पंचाहत्तरीला टेकलेले असताना गोव्याच्या सत्याग्रहातही निघाले. १९६७ साली गेले.

मी परत रविवारी सहाला खाली उतरतो. आम्ही पाच जण असतो. आल्यावर चहा गोड लागतो. पंपरूममागचा कोपरा अजून बाकी आहे.