वजीर, नवरा, नवरी आणि शहाजीराजे

कसारा लोकलने आसनगाव सोडलं की जरा मोबाइल खाली ठेवा आणि डावीकडे बघा. माहुलीचा डोंगर आटगावपर्यंत सोबत करतो. ट्रेक करणाऱ्या पोरांना त्याच्या सुळक्यांची नावं पाठ असतात. वजीर, नवरा, नवरी, भटोबा. भटजीसकट अख्खं लग्न दगडात उभं आहे म्हणा ना!

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या शिखरांना क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने विष्णू मंदिर, शिव मंदिर अशी नावं दिली आणि ती नकाशावर कायमची बसली. आपल्याकडची नावं घरातली, ओळखीची. मुरबाडकडे गेलात तर गोरखनाथांचा गोरखगड, शेजारी मच्छिंद्रगड आणि नाणेघाटावर नानाचा अंगठा. पण ज्यांचं आयुष्य माहुलीवर कलाटणी खाऊन गेलं, त्या शहाजीराजांचं नाव इथल्या एकाही प्रसिद्ध सुळक्याला नाही.

खरं तर त्यांच्या स्वतःच्या नावाचीही एक गोष्ट आहे. वडील मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरच्या श्रद्धेने दोन मुलांची नावं ठेवली, शहाजी आणि शरीफजी. दोघेही निजामशाहीचे सरदार झाले. १६२४ मध्ये भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजांचं नाव झालं आणि शरीफजी मारले गेले. पाच वर्षांनी त्याच निजामशाहीच्या दरबारात सासरे लखुजी जाधवांचा मुलांसह खून झाला. शहाजीराजे मोगलांकडे गेले, काही काळाने परतले. आपण शाळेत त्यांना शिवरायांचे वडील म्हणून दोन ओळींत उरकतो, ते मला पटत नाही.

कारण यापुढचं धाडस त्यांचं एकट्याचं होतं. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, निजामशहा कैद झाला, राज्य संपल्यात जमा होतं. तेव्हा शहाजीराजांनी त्याच घराण्यातला मुर्तझा नावाचा एक लहान मुलगा पेमगिरीवर गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. तीनेक वर्षं ते मोगलांशी झुंजत राहिले. शेवटी शाहजहान स्वतः दख्खनमध्ये आला. १६३६ मध्ये त्याने आदिलशहाशी तह केला आणि दोघे मिळून या एका माणसाच्या मागे लागले.

शहाजीराजे माहुलीवर आले. सोबत तो छोटा निजामशहा होता. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवबाही तेव्हा गडावर होते, असं सांगतात. पोर्तुगीजांकडे आसरा मागून झाला, मिळाला नाही. खाली मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान. वेढा आवळत गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस शहाजीराजांना शरण जावं लागलं. मुर्तझाला मोगलांच्या हवाली करावं लागलं. त्या मुलाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. ज्याच्यासाठी तीन वर्षं लढले त्यालाच शत्रूच्या हाती द्यायचं, हे कसं जमलं असेल? वजीर सुळका बघितला की मला हाच कारभारी आठवतो. सुळक्याच्या नावाशी त्यांचा संबंध आहे असं नाही हं, हे आपलं माझं.

पुढे ते आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले, बंगळूरला राहिले. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांना कैद झाली, पुढच्या वर्षी सुटका. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत गेला. माहुली मात्र धाकट्या मुलाने १६५८ मध्ये घेतली, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात दिली आणि १६७० मध्ये पुन्हा मिळवली. तो शेवटचा विजय बघायला शहाजीराजे नव्हते. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरे गावात त्यांची समाधी आहे.