पहिली विमान परिचारिका : एलन चर्च

आकाशात विमानाचा आवाज आला, की आपण आपोआप मान वर करून पाहतो. विमानात बसलेल्या प्रवाशांना पाणी देणारी, जेवण वाढणारी, खुर्चीचा पट्टा बांधायला सांगणारी तरुणी तुम्ही चित्रात किंवा सिनेमात नक्कीच पाहिली असेल. मराठीत तिला पूर्वी हवाई सुंदरी म्हणत. उर्दूत तिला फजाई मेजबान म्हणतात. मेजबान म्हणजे यजमान. पाहुण्यांची काळजी घेणारा. मला विचाराल तर हा उर्दू शब्दच तिच्या कामाच्या जास्त जवळचा आहे. कारण हे काम जिने सुरू केले, ती सुंदर दिसण्यासाठी विमानात चढली नव्हती. खरे तर तिला विमान चालवायचे होते.

तिचे नाव एलन चर्च. तिचा जन्म २२ सप्टेंबर १९०४ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात क्रेस्को या लहानशा गावी झाला. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले विमान उडवले. म्हणजे एलन जन्मली तेव्हा विमानाचे वय अवघे नऊ महिने होते! दोघे जणू बरोबरीनेच वाढले. एलनचे घर शेतकऱ्याचे होते. आजूबाजूला मक्याची शेते, गुरे आणि लांबच लांब पसरलेले आकाश. शाळा संपल्यावर ती मिनेसोटा विद्यापीठात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागली. १९२६ मध्ये ते शिक्षण पूर्ण करून ती सॅन फ्रान्सिस्को शहरातील फ्रेंच हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागली.

नोकरी चांगली होती. पण एलनचे मन विमानात होते. दवाखान्यातले काम सांभाळून ती विमान चालवण्याचे धडे घेऊ लागली. त्या काळात थोड्याच स्त्रिया हे धडस करत. विमान चालवायला शिकणे एक आणि त्यावर पोट भरणे दुसरे. प्रवासी विमानाचा वैमानिक म्हणून अमेरिकेतील कोणतीही कंपनी स्त्रीला नोकरी देत नसे.

१९३० साली एक दिवस एलन बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोतील कचेरीत गेली. तेथे स्टीव्ह स्टिम्पसन नावाचे व्यवस्थापक होते. एलनने त्यांच्याकडे वैमानिकाची नोकरी मागितली. ती मिळणार नाही, हे लगेच स्पष्ट झाले. एखादी व्यक्ती निमूटपणे घरी परतली असती. एलन मात्र खुर्चीवरून उठली नाही. तिने स्टिम्पसनसाहेबांपुढे दुसराच विचार मांडला. वैमानिक म्हणून नको, तर निदान परिचारिका म्हणून स्त्रियांना विमानात घ्या, असे तिने सुचवले.

हा विचार तिला का सुचला असेल? त्या वेळचा विमानप्रवास कसा होता, हे कळले म्हणजे उत्तर सापडते. तेव्हाची विमाने आजच्यासारखी ढगांच्या वरून जात नसत. आतील हवेचा दाब कायम ठेवण्याची सोय नव्हती. त्यामुळे विमान खालूनच उडे आणि वादळवाऱ्यात सापडले, की बैलगाडीसारखे हिंदकळे. प्रवाशांना उलट्या होत. इंजिनांची घरघर इतकी, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. अपघातही वारंवार होत. लोक विमानात बसायलाच घाबरत. प्रवाशांकडे पाहायला वेगळा माणूस नसे. सहवैमानिकच आपली जागा सोडून मागे येई आणि जेवणाचे डबे वाटून जाई. अशा वेळी एखादी शिकलेली परिचारिका जवळ असेल, तर आजारी माणसाला औषधपाणी मिळेल आणि घाबरलेल्याला धीर येईल, असे एलनचे म्हणणे होते.

यात आणखी एक मेख होती. एक तरुण मुलगी रोज विमानातून हसतमुखाने ये-जा करते, हे पाहिल्यावर पुरुषांना भीती वाटली तरी ती बोलून दाखवायला लाज वाटेल, असा हिशेब त्यामागे होता. हा हिशेब कंपनीला पटला. विमान चालवू शकणाऱ्या मुलीला नाजूक समजून कामावर घ्यायचे, ही गोष्ट जरा विचित्रच नाही का? पण एलनने ती संधी घेतली. आधी दार उघडू दे, असे तिला वाटले असावे.

स्टिम्पसनसाहेबांनी वरिष्ठांना पत्र लिहिले. वरिष्ठांनी आधी नकार दिला. पुन्हा पाठपुरावा झाल्यावर, फक्त तीन महिने हा प्रयोग करून पाहा, अशी परवानगी मिळाली. एलनला मुख्य परिचारिका नेमण्यात आले आणि आणखी सात जणी निवडायचे काम सुरू झाले.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी अटी काय होत्या, त्या ऐका. अर्जदार शिकलेली, नोंदणी झालेली परिचारिका हवी. वय पंचविसाच्या आत हवे. उंची ५ फूट ४ इंचांपेक्षा जास्त नको, कारण विमानाचे छत बुटके होते. वजन ११५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५२ किलोंपेक्षा जास्त नको, कारण त्या विमानाला प्रत्येक किलोचा भार जाणवत असे. या अटींमागे काहीतरी कारण तरी दिसते. पण आणखी एक अट होती. मुलगी अविवाहित हवी. लग्न केले, की नोकरी गेली! या अटीमागे मात्र विमानाचे कसलेही कारण नव्हते. पगार महिना १२५ डॉलर ठरला आणि त्यासाठी महिन्याला सुमारे १०० तास उड्डाण करावे लागे.

१५ मे १९३० हा दिवस उजाडला. कॅलिफोर्नियातील ओकलंडहून शिकागोकडे जाणारे विमान तयार होते. त्याचे नाव बोइंग ८०-ए. तीन इंजिने आणि एकावर एक असे दुहेरी पंख. आत चौदा प्रवासी बसले होते. एलन चर्च त्यांच्यासोबत चढली. प्रवासी विमानात प्रवाशांची सेवा करणारी जगातील ती पहिली स्त्री. पुरुष सेवक तिच्या आधीही होते. जर्मनीत १९१२ पासून हाइनरिख कुबिस नावाचे गृहस्थ हवाई जहाजावर प्रवाशांची सेवा करत असत. पण स्त्री ही पहिलीच. ओकलंड ते शिकागो हे अंतर सुमारे ३००० किलोमीटर. आज त्याला चार-साडेचार तास लागतात. तेव्हा २० तास लागायचे आणि वाटेत १३ ठिकाणी उतरावे लागायचे. वाटेत शायेन या गावी परिचारिका बदलत. चौघी जणी पश्चिमेकडचा टप्पा सांभाळत आणि चौघी जणी पूर्वेकडचा.

कामाची यादी वाचली तर तुम्हांला हसू येईल. तिकिटे तपासायची. प्रवाशांच्या बॅगा उचलून ठेवायच्या. खुर्च्यांचे स्क्रू ढिले झाले नाहीत ना, हे पाहून ते आवळायचे. आत शिरलेल्या माश्या मारायच्या. घड्याळाला चावी द्यायची. जळती सिगारेट कोणी खिडकीबाहेर फेकू नये म्हणून लक्ष ठेवायचे. कोणी प्रवासी स्वच्छतागृहाकडे निघाला, तर तो चुकून बाहेर पडायचे दार तर उघडत नाही ना, हे पाहायचे. यात मात्र हसण्यासारखे काही नव्हते! जवळ रेल्वेचे वेळापत्रक बाळगायचे, कारण हवा बिघडून विमान मध्येच उतरले, तर प्रवाशांना आगगाडीने पुढे पाठवावे लागे. जेवणात कोंबडीचे मांस, पाव, फळे आणि थर्मासमधली कॉफी असे. विमान जमिनीवर असतानाही सुट्टी नव्हती. इंधन भरायला हात लावायचा. गरज पडली तर विमान ढकलून त्याच्या मोठ्या खोलीत न्यायचे. अंगावर हिरवा लोकरी गणवेश, खांद्यावर झूल आणि डोक्यावर टोपी, अशा वेशात या आठ जणी विमान ढकलत असतील, ते दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा.

सगळ्यांनी त्यांचे स्वागत केले असे नाही. काही वैमानिकांना विमानात बाई नको होती. ते त्यांच्याशी बोलतही नसत. वैमानिकांच्या बायकांनीही कंपनीला पत्रे पाठवून या मुलींना काढून टाका, अशी मागणी केली. प्रवाशांचे मत मात्र वेगळे पडले. कोणाला मळमळू लागले, तर डोक्याशी कोणीतरी उभे आहे, हे त्यांना आवडले. तीन महिने संपले आणि प्रयोग कायमचा झाला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतील इतर कंपन्यांनीही परिचारिका नेमल्या. बोइंग एअर ट्रान्सपोर्ट ही कंपनी पुढे युनायटेड एअरलाइन्समध्ये सामील झाली.

एलनने स्वतः हे काम केले ते फक्त अठरा महिने. एका मोटार अपघातात ती जखमी झाली आणि तिला विमानातली नोकरी सोडावी लागली. तिने पुन्हा मिनेसोटा विद्यापीठात नाव घातले, पदवी मिळवली आणि दवाखान्यातील सेवा सुरू केली. मिलवॉकी येथे लहान मुलांच्या विभागाची ती प्रमुख झाली. आकाश आता आपल्यासाठी बंद झाले, असे तिला कदाचित वाटले असेल.

पण दुसरे महायुद्ध आले. १९४२ मध्ये एलन सैन्याच्या परिचारिका दलात दाखल झाली. रणभूमीवर जखमी झालेल्या सैनिकांना विमानाने दवाखान्यात पोहोचवण्याचे काम तेव्हा नुकतेच सुरू होत होते. हे काम अतिशय धोक्याचे होते. जाताना त्याच विमानातून युद्धाचे सामान नेत आणि येताना जखमींना आणत. सामान वाहणाऱ्या विमानावर रेड क्रॉसची खूण लावता येत नसे. त्यामुळे शत्रू त्यावर गोळीबार करू शकत होता. विमानात बहुतेक वेळा डॉक्टर नसे. एक परिचारिका, एक मदतनीस आणि एकावर एक टांगलेल्या स्ट्रेचरवर अठरा-वीस जखमी जवान! रक्त देणे, श्वास कोंडला तर प्राणवायू लावणे, भाजलेल्यांच्या वेदना कमी करणे, हे सारे ती परिचारिकाच ठरवी. उत्तर आफ्रिका, सिसिली, इंग्लंड आणि फ्रान्स येथे एलनने सेवा केली. १९४४ साली दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणार होते. त्या मोहिमेसाठी परिचारिकांना तयार करण्याचे कामही तिने केले. ती कॅप्टन झाली. तिला एअर मेडल हे पदक मिळाले. चौदा वर्षांपूर्वी विमानात परिचारिका हवी, असे ती म्हणाली तेव्हा ती प्रवाशांना बोलावण्याची युक्ती ठरली होती. युद्धात त्याच विचाराने माणसांचे प्राण वाचले.

याच युद्धामुळे आणखी एक बदल घडला. परिचारिका सैन्यात हव्या होत्या, म्हणून विमान कंपन्यांनी परिचारिका असण्याची अट काढून टाकली. लग्नाची अट मात्र राहिली. १९५८ मध्ये रूथ कॅरल टेलर ही अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय विमान परिचारिका झाली. वर्णभेदाची भिंत तिने ओलांडली, पण काही महिन्यांतच तिचे लग्न झाले आणि तिला नोकरी सोडावी लागली. अशा अटींविरुद्ध या तरुणी न्यायालयात गेल्या, संघटना करून लढल्या, तेव्हा १९६० नंतरच्या दशकात ती अट हळूहळू मोडली.

आज आपल्या देशात या कामासाठी अर्ज करायचा, तर बहुधा बारावी उत्तीर्ण असणे पुरते. मुलगे आणि मुली दोघेही अर्ज करतात. वैद्यकीय तपासणी होते, मुलाखत होते. निवड झाल्यावर खरे शिक्षण सुरू होते. आग कशी विझवायची, विमान पाण्यावर उतरले तर प्रवाशांना कसे बाहेर काढायचे, हृदय बंद पडले तर काय करायचे, हे सारे शिकवतात. त्याची परीक्षा द्यावी लागते. विमानाची रचनाच अशी करतात, की अर्धी दारे बंद असली तरी ९० सेकंदांत सारे प्रवासी बाहेर पडले पाहिजेत. आपण त्यांना चहा देताना पाहतो, म्हणून चहा देणे हेच त्यांचे काम आहे, असे आपल्याला वाटते.

युद्धानंतर एलन इंडियाना राज्यातील टेरे होट या गावी राहू लागली. तेथील युनियन हॉस्पिटलमध्ये ती आधी परिचारिकांची प्रमुख आणि नंतर दवाखान्याची व्यवस्थापक झाली. १९६४ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, तिने लेनर्ड मार्शल या बँकेच्या अध्यक्षांशी विवाह केला. पुढच्याच वर्षी घोड्यावरून पडून ती गंभीर जखमी झाली आणि २२ ऑगस्ट १९६५ रोजी तिचे निधन झाले. आकाशात आणि युद्धात जिला काही झाले नाही, तिचा घात जमिनीवरच झाला.

एलनला जी नोकरी हवी होती, ती तिच्या हयातीत जवळजवळ कोणाच स्त्रीला मिळाली नाही. १९३४ मध्ये हेलन रिची या स्त्रीला एका अमेरिकन कंपनीने वैमानिक म्हणून घेतले. पण पुरुष वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतले नाही आणि तिला वर्षभरातच राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एमिली वॉर्नर हिला फ्रंटियर एअरलाइन्सने वैमानिक म्हणून नेमले. एलनला जाऊन तेव्हा सात वर्षे उलटून गेली होती.

क्रेस्को गावात आता एक छोटे विमानतळ आहे. त्याला एलन चर्चचे नाव दिले आहे. मक्याच्या शेतांवरून तेथे आजही लहान लहान विमाने उतरतात.