हिंगण्याच्या माळावरील ज्ञानयज्ञ

स्त्रीने शिकावे की नाही, हा वाद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात रंगला. तिने काय शिकावे आणि त्या शिक्षणाने कोणती जबाबदारी पेलण्यास समर्थ व्हावे, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपले दीर्घ आयुष्य वेचले.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण मुरूडला गेले. घरची परिस्थिती बेताची, पण शिक्षणाची जिद्द विलक्षण. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले. वय लहान दिसते, एवढ्याच कारणाने त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. निराश न होता त्यांनी पुढे मुंबईत शिक्षण घेतले आणि १८८४ मध्ये गणित विषय घेऊन पदवी मिळविली. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या.

विधुराने कुमारिकेशी लग्न करावे आणि विधवेने मात्र आयुष्यभर अंधारात बसावे, हा न्याय अण्णांना मान्य नव्हता. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी विवाह केला. गोदूबाई पुढे आनंदीबाई, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी या दांपत्यावर बहिष्कार टाकला आणि वृद्ध मातेच्या घरचे दारही मुलासाठी बंद झाले.

पुनर्विवाहाने मोजक्याच स्त्रियांचा प्रश्न सुटतो, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ मात्र सर्वांनाच हवे, हे अण्णांच्या लवकरच ध्यानात आले. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगच्या धास्तीमुळे १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवरील एका झोपडीत हलला. महाविद्यालयातील तास आटोपून अण्णा दगडधोंड्यांची वाट तुडवीत रोज हिंगण्याला जात. आश्रमातील विधवांना शिकवीत, हिशेब पाहत आणि पुन्हा पुण्याला परतत. केशवपन झालेल्या पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या आणि गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. जिला समाजाने अशुभ ठरविले होते, ती स्त्री संस्थेचा आर्थिक भार उचलू लागली. आश्रमाच्या शिक्षणाचे याहून बोलके फलित कोणते?

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, तर १९०८ मध्ये कार्यकर्ते घडविण्यासाठी निष्काम कर्म मठ स्थापन झाला. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी भाषणाची तयारी करताना, जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका अण्णांनी बारकाईने वाचली. तिने त्यांच्या मनातील कल्पनेला आकार दिला. ३ जून १९१६ रोजी महिला विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले. हिंगण्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच!

या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम इतरांपेक्षा वेगळा होता. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी मात्र आवश्यक. त्यासोबत आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, बालमानसशास्त्र असे विषय. पदवीलाही ‘गृहीतागमा’ असे स्वतंत्र नाव दिले होते. घर, मुले आणि समाज यांच्याविषयीची जबाबदारी डोळसपणे पार पाडता यावी, हा त्यामागचा हेतू होता.

यावर टीकाही झाली. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे त्यांना पुन्हा स्वयंपाकघरातच कोंडणे नव्हे काय, असा आक्षेप काही सुधारकांनीच घेतला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. स्त्रीचे मुख्य कार्यक्षेत्र गृहच, ही त्या काळाची समजूत अण्णांच्या विचारातही होती. त्यातच सरकारची मान्यता नसल्याने या पदवीला नोकरीच्या बाजारात फारसे मोल नव्हते. पण ज्या घरांतून मुलीला मुलांच्या महाविद्यालयात पाठविणे अशक्य होते, त्या घरांचे दार याच मार्गाने उघडले, हेही नाकारता येत नाही. बाहेर पडलेली मुलगी पुढे कोठवर जाईल, हे ठरविण्याचा अधिकार मग कोणत्याही अभ्यासक्रमाच्या हाती उरत नाही.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेचा प्रवास करून विद्यापीठाची माहिती जगाला दिली व निधी जमविला. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस गेले. सरकारी मान्यतेसाठी मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. अण्णा स्वस्थ बसले नाहीत. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ आणि १९४४ मध्ये जातिभेद निवारणासाठी समता संघ, अशी कामे त्यांनी उतारवयातच हाती घेतली.

१९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. ज्या माळावर ते एकेकाळी चालत जात, तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि आश्रमाची ती झोपडी तेथे जपून ठेवली आहे. पाच विद्यार्थिनींपासून सुरू झालेल्या महाविद्यालयाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रियांना स्वतःचा आणि इतरांचा भार उचलण्यास शिकविले. अण्णांचे खरे स्मारक तेच होय.