विनोबा भावे: काशी ते पवनार

वाराणसीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. तेथून पंचगंगेपर्यंतचा परिसर मराठी वस्तीसाठी परिचित आहे. काशीत देह ठेवावा म्हणून वृद्ध मंडळी येथे येत असत. १९१६ मध्ये मात्र वीस वर्षांचे विनायक नरहर भावे काशीत आले ते ब्रह्मजिज्ञासेने. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेल्या विनोबांनी सुरतेला उतरून काशीची गाडी धरली होती. बरोबर आलेल्या एका मित्राचे तेथेच निधन झाले आणि त्याचे अंत्यसंस्कार विनोबांनीच गंगाकाठी केले. मृत्यूशी हा त्यांचा जवळून झालेला परिचय होता. त्याच वर्षी ७ जूनला ते गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाले.

गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांची प्रकृती मुळातच किरकोळ होती. १९३८ मध्ये ते प्रकृती सुधारण्यासाठी भोसल्यांच्या जुन्या मुलखातील पवनारला आले. १९४० मध्ये ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदानाला आरंभ झाला आणि पुढील सुमारे १३ वर्षे ते देशभर पायी फिरले. आतड्याच्या व्रणामुळे त्यांचा आहार मुख्यतः दूध-दह्याचा होता.

५ नोव्हेंबर १९८२ रोजी ८७ वर्षांच्या विनोबांना आश्रमात हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी तेथेच उपचार सुरू केले आणि प्रकृतीत सुधारणाही दिसू लागली. परंतु ८ नोव्हेंबरपासून त्यांनी औषध, अन्न व पाणी घेणे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पवनारला येऊन केलेली विनंतीही त्यांनी मानली नाही.

भारतात बायपास शस्त्रक्रिया १९७५ पासून होत असली, तरी या वयात ती सहजासहजी केली जात नसे. आज ऐंशी वर्षांवरील निवडक रुग्णांवर ती यशस्वी होते. मात्र भ्रम, मूत्रपिंडाचे विकार व स्नायूंची झीज यांमुळे अतिदक्षता विभागातून वाचलेला प्रत्येक वृद्ध पुन्हा स्वतःच्या पायांवर घरी परततोच असे नाही. त्यामुळे आता डॉक्टर वयाइतकाच शरीराच्या ताकदीचाही विचार करतात. विनोबांचा निर्णय मात्र वैद्यकीय हिशेबाचा नव्हता. उपचारांचा गुण येत असताना तो घेतला गेला, म्हणूनच तो अनेकांना आजही अस्वस्थ करतो.

आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा दंडनीय होता. तरीही प्रशासनाने सक्तीचे उपचार केले नाहीत. उपचार नाकारण्यासंबंधी आगाऊ इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती २०१८ मध्ये.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या सकाळी विनोबांचे पवनार येथे निधन झाले. अंत्यसंस्कार धाम नदीच्या काठी झाले. काशी तेथून शेकडो मैल दूर होती.