गांडुळांचे पारखी : चार्ल्स डार्विन

डार्विन हे नाव निघाले की आपल्याकडे माणूस आणि माकड हा वाद लगेच सुरू होतो. तो आज बाजूला ठेवू. आम्हांला सांगावयाचे आहे ते या विद्वानाने गांडुळासारख्या क्षुद्र मानलेल्या जीवाचा कसा छंद घेतला त्याविषयी.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडात श्रूजबरी गावी झाला. वडील वैद्य. मुलानेही वैद्य व्हावे ही त्यांची इच्छा. पण मुलाला ते काही जमेना. पुढे १८३१ साली ते बीगल जहाजावर चढले आणि १८३६ साली परत आले. त्यानंतर एकदा ते मामांकडे गेले असता मामांनी त्यांना एक कुरण दाखवले. काही वर्षांमागे तिथे चुना आणि जळक्या कोळशाची खर पसरली होती. वर पाहावे तर कणही दिसेना, अन् खणले की काही इंचांवर सगळे जसेच्या तसे! हे गांडुळांचे काम असा मामांचा तर्क. १८३७ साली डार्विननी लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळात यावर निबंध वाचला.

१८४२ साली ते डाउन गावी राहावयास गेले. तिथे एका शेतात त्यांनी खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि १८७१ साली चर खणून पाहिला. एकोणतीस वर्षे थांबायचं, म्हणजे काय चेष्टा आहे? खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली होती. पाला मात्र गांडुळे बिळात ओढून नेत, खात आणि त्याची माती करीत.

इथे वाचकांनी जरा थांबावे. ज्याला जे खाता येत नाही ते तो नुसते पुरतो. आज आळीतली दहा घरे मिळून गांडूळखताचा खड्डा करतात, पण त्यात भाजीच्या देठांबरोबर प्लास्टिकची पिशवी, काच, हाराचा नायलॉनचा दोरा सगळंच लोटतात, आणि खत होत नाही म्हणून बोंब! बिचारे गांडूळ काय करणार? निवड आपण दारातच करायला हवी. ओले वेगळे, सुके वेगळे; तेलकट, खारट तर नकोच. खाली अर्धवट कुजलेले शेण, वर सावली, बेताची ओल, आणि त्यात उकिरड्यात राहणारी लाल गांडुळे सोडली की दोन-तीन महिन्यांत काळेभोर खत हाती येते.

असो. म्हातारपणी डार्विननी कुंड्यांत गांडुळे पाळली. त्यांच्यापुढे पियानो वाजवला, शिट्टी फुंकली. त्यांना ऐकूच येईना! पण कुंडी पियानोवर ठेवून सूर काढताच थरथरीने ती बिळात पळाली. कोबी आणि गाजराची पाने ती आवडीने खात, हेही त्यांनी टिपून ठेवले. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्यांचा हिशेब निघाला.

हे सारे १८८१ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी ग्रंथरूपाने छापले. तोच त्यांचा शेवटचा ग्रंथ. १९ एप्रिल १८८२ रोजी ते डाउनलाच वारले. गावच्या मातीतच आपल्याला ठेवावे अशी त्यांची मनीषा होती. पण लोकांनी त्यांना लंडनला नेऊन वेस्टमिन्स्टर ॲबेच्या फरशीखाली ठेवले.